दस्त वाचणारा आपला हवा
डेटा सेंटरचा उद्योग आणि वकिलीचा व्यवसाय

(आगरी ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थ्यांच्या गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण)



चिटणीसांनी या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा आम्हांस फार वेळ विचार करावा लागला नाही. गेली काही वर्षे परीक्षांचे निकाल लागले की पालक मंडळी गुणपत्रिका घेऊन आमच्याकडे येतात आणि त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : “गुरुजी, महाप्याला आणि रबाळ्याला ती डेटा सेंटरे उभी राहिली आहेत. तेथे मुलाला लागावयाचे तर संगणकाचे कोणते शिक्षण द्यावे?” प्रश्न योग्य आहे. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती अशी की, त्या इमारतींत शिरण्याचे दार एकच आहे आणि ते इंजिनियराचे आहे. आज आम्ही दुसऱ्या एका दाराविषयी बोलणार आहोत. ते दार वकिलाचे आहे.

आम्ही स्वतः वकील नाही. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि आयुष्य फळ्यापुढे गेले. परंतु आमच्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण या व्यवसायात आहेत. त्यांच्याकडून जे ऐकले आणि त्यांनी आणून दिलेले कायदे वाचून जे समजले, तेच आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम डेटा सेंटर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण बाहेरून पाहणाऱ्यास तेथे खिडक्या नसलेली एक मोठी इमारत आणि कुंपणावरील पहारेकरी याखेरीज काही दिसत नाही. आत लोखंडी कपाटांच्या रांगा असतात आणि त्या कपाटांत रात्रंदिवस चालणारे संगणक असतात. आपण फोनवरून पैसे पाठविले, रेल्वेचे तिकीट काढले किंवा नातवाचे छायाचित्र पाहिले की ते काम अशा कुठल्यातरी कपाटात होते. या संगणकांस वीज अखंड लागते, आणि ते तापू नयेत म्हणून थंडावाही अखंड लागतो. वीज गेलीच तर डिझेलवरील जनित्रे तत्काळ सुरू व्हावी लागतात. समुद्राच्या तळातून परदेशांहून येणाऱ्या तारा मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, पेढ्यांची मुख्य कार्यालये मुंबईत आहेत, आणि खाडीच्या या बाजूस औद्योगिक विकास महामंडळाची जमीन व वीज उपलब्ध आहे. म्हणून हा उद्योग आपल्या दारात आला. २०२२ सालच्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने त्यास पायाभूत सुविधांचा दर्जा देण्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी किमान पाच मेगावॅट क्षमतेच्या केंद्रांस तो मिळालाही.

आता असा उद्योग उभा राहावयाचा तर किती प्रकारचे कागद तयार व्हावे लागतात, ते पाहू.

पहिला कागद जमिनीचा. आपल्या भागातील औद्योगिक भूखंड कंपनीच्या मालकीचे नसतात. महामंडळ ते बहुधा पंचाण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. भूखंड दुसऱ्याच्या नावे करावयाचा किंवा पोटभाड्याने द्यावयाचा तर महामंडळाची परवानगी लागते. पट्ट्याची नोंदणी १९०८ च्या कायद्याप्रमाणे आणि मुद्रांक १९५८ च्या कायद्याप्रमाणे. महामंडळाच्या हद्दीबाहेर जागा घ्यावयाची किंवा विजेची आणि तारांची वाहिनी गावातून न्यावयाची झाली की सातबारा, फेरफार, वारसनोंद, वहिवाट हे सर्व आलेच. हे कागद मराठीत असतात, आणि येथे आपल्या मुलास एक अधिकार जन्मतः मिळालेला आहे. इंग्रजीत अत्यंत निष्णात असलेला बाहेरचा वकील ज्या फेरफाराच्या नोंदीपाशी अडखळतो, ती नोंद आपल्या घरातील म्हातारी माणसे तोंडपाठ सांगतात.

दुसरा कागद विजेचा. एक मेगावॅटचा भार दिवसभर चालला तर चोवीस हजार युनिटे होतात, आणि वीस मेगावॅटच्या केंद्राची रोजची चार लाख ऐंशी हजार. एवढी वीज कोणाकडून, कोणत्या दराने आणि कोणत्या अटीवर घ्यावयाची, यावर धंद्याचा नफातोटा ठरतो. २००३ च्या वीज कायद्याने मोठ्या ग्राहकास वितरण कंपनीखेरीज अन्य ठिकाणाहून वीज आणण्याची मुभा दिली. २००५ च्या नियमांनी स्वतःच्या वापरासाठी उभारलेल्या वीजकेंद्राची कसोटी ठरविली : वापरणाऱ्यांचे भांडवल किमान २६ टक्के आणि वर्षभरात त्यांचा वापर किमान ५१ टक्के. एखाद्या वर्षी ५१ चे ५० झाले तर त्या वर्षापुरता तो दर्जा जातो आणि अधिभार भरावा लागतो. २०२२ च्या नियमांनी सौर व पवनविजेसाठी ही मुभा शंभर किलोवॅट किंवा त्याहून अधिक भाराच्या ग्राहकासही खुली केली. याबाबतचे वाद महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगापुढे चालतात. ज्या तरुण वकिलाने त्या आयोगापुढे चार वर्षे काढली, त्यास या उद्योगात नोकरी मागत फिरावे लागत नाही.

तिसरा कागद ग्राहकाशी होणाऱ्या कराराचा, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. केंद्राचा मालक पेढीला किंवा अन्य कंपनीला आपल्या दालनात कपाटे ठेवावयास देतो, वीज व थंडावा पुरवितो आणि मोबदला घेतो. हा भाडेपट्टा झाला, नुसता परवाना झाला, की केवळ सेवा झाली? नाव काहीही द्या, परिणाम वेगवेगळे होतात. मुद्रांक, नोंदणी, कर आणि महामंडळाची परवानगी हे सारे त्या उत्तरावर अवलंबून असते. या प्रश्नावर आजही वकील जो निवाडा प्रथम उघडतात, तो १९५९ सालचा आहे. दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलातील दोन खोल्यांत केशकर्तनाचा धंदा चालविणाऱ्या गृहस्थाचा तो खटला. दस्तावर परवाना असे लिहिले होते. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले की, दस्ताचे नाव नव्हे, त्यातील आशय पाहावयाचा, आणि तो भाडेपट्टा ठरविला. न्हाव्याच्या खुर्चीसाठी झालेला निवाडा आज कोट्यवधींच्या संगणकांस लागू करावयाचा की नाही, यावर विद्वान वाद घालतात. मुलांनो, कायद्याचे शास्त्र असे असते. यंत्र नवे असते, प्रश्न जुनाच असतो.

याच करारात एक आकडा असतो. केंद्र वर्षातून किती वेळ अखंड चालेल याची ती हमी असते. हा हिशेब आम्ही वर्गात घालीत असू तसा आता घालतो. वर्षाचे तास ८,७६०. हमी ९९.९ टक्के असेल तर बंद राहण्याची मुभा सुमारे पावणेनऊ तास. दशांश चिन्हापुढे आणखी एक ९ लिहिला, म्हणजे ९९.९९ टक्के झाले, की ती मुभा साडेबावन्न मिनिटांवर येते. तिसरा ९ लिहिला की सव्वापाच मिनिटे. आता पुढचे पाहा. ९९.९९ ची हमी आहे आणि एके दिवशी केंद्र चाळीस मिनिटे बंद पडले. हिशेब वर्षाचा असेल तर करार मोडला नाही, कारण चाळीस हे साडेबावन्नहून कमी. परंतु करारात ‘दरमहा’ हा एक शब्द असेल, तर तीस दिवसांच्या महिन्यात मुभा साडेचार मिनिटांचीही होत नाही आणि करार मोडला. एका शब्दावर भरपाई मिळते किंवा जाते. तो शब्द इंजिनियर लिहीत नाही, वकील लिहितो. ती भरपाई किती मागता येईल, याचे उत्तर १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमात आहे : दस्तात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असून न्यायालय तिच्या आत वाजवी भरपाई देते.

शब्दाची किंमत किती, याचे एक परदेशातील उदाहरण सांगतो. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे एका मोठ्या कंपनीच्या केंद्रास आग लागली आणि एक इमारत जळून गेली. एका लहान व्यापाऱ्याने आपल्या माहितीची दुसरी प्रत ठेवण्याची सेवा त्याच कंपनीकडून विकत घेतली होती. ही प्रत मूळ यंत्रापासून प्रत्यक्षात वेगळी ठेवली जाईल असे करारात लिहिलेले होते. ती त्याच इमारतीत ठेवलेली होती आणि मूळ माहितीबरोबर जळाली. २०२३ च्या जानेवारीत लील येथील व्यापारी न्यायालयाने त्या शब्दांचा साधा, सर्वांस कळणारा अर्थ घेतला आणि कंपनीस एक लाखाहून अधिक युरो भरपाई देण्यास सांगितले. ‘वेगळी’ म्हणजे वेगळी, एवढेच न्यायालयाने म्हटले. मराठीच्या तासाला आम्ही शब्दाचा अर्थ नीट सांगा म्हणून आग्रह धरीत असू, तेव्हा काही मुले कंटाळत. त्या कंटाळ्याची किंमत आता त्यांनी मोजून पाहावी.

चौथा कागद माहितीच्या रक्षणाचा. २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा आला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने पैशांच्या देवघेवीची माहिती भारतातच साठविण्याचा आदेश दिला आणि त्यामुळे देशात अशा केंद्रांची मागणी वाढली. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांप्रमाणे संगणकावरील हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य कर्तव्यांच्या तयारीसाठी त्यात अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. माहितीच्या सुरक्षिततेची वाजवी व्यवस्था न केल्यास दंड अडीचशे कोटींपर्यंत आहे. तो भरावयाचा कोणी, माहिती गोळा करणाऱ्या पेढीने की कपाट भाड्याने देणाऱ्या केंद्राने? कायद्याने मुख्य जबाबदारी पेढीवर ठेवली आहे. म्हणून पेढी ती कराराने केंद्रावर ढकलू पाहते आणि केंद्र ती परत ढकलते. या ओढाताणीत दोन्हीकडे वकील बसलेले असतात.

पाचव्या प्रकारात किरकोळ वाटणारे परंतु केंद्र बंद पाडू शकणारे कागद येतात. डिझेलच्या साठ्यास १९३४ चा पेट्रोलियम कायदा, आगीच्या बंदोबस्तास महाराष्ट्राचा २००६ चा कायदा, धूर व सांडपाण्यास प्रदूषण मंडळाची संमती, वीस हजार चौरस मीटरांवरील बांधकामास पर्यावरणाची मंजुरी. आणि माणसांचा कागद विसरून चालणार नाही. पहारेकरी, झाडूवाले, वाहनचालक, तारा ओढणारे यांत आपलीच मुले पुष्कळ आहेत व ती बहुधा कंत्राटदाराची माणसे असतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अंमलात आल्या आहेत. त्या वाचून सांगणारा माणूसही गावात हवाच.

आता मार्ग कोणता, ते सांगतो. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि दोहोंसाठी राज्याची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. पुढे बार कौन्सिलकडे नावनोंदणी. तिचे शुल्क सर्वसाधारण उमेदवारास कायद्याने ७५० रुपये आहे. राज्याराज्यांत त्याहून कितीतरी अधिक रक्कम घेतली जात असे. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तसे घेता येणार नाही असे स्पष्ट केले. गरीब घरच्या मुलाने हे लक्षात ठेवावे. त्यानंतर दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावयाची.

सनद हाती आली की डेटा सेंटरच्या दारात जाऊन उभे राहू नका. तेथे नवशिक्यास फारसे काम नसते. पहिली चार-पाच वर्षे जमिनीचे, विजेचे किंवा कराराचे काम करणाऱ्या अनुभवी वकिलाकडे घाला. या तिहींपैकी एक विषय पक्का करा आणि बाकीच्या दोहोंची ओळख करून घ्या. एखादे केंद्र आतून पाहण्याची संधी मिळाली तर जनित्र कोठे आहे, वीज किती वाटांनी येते, हे इंजिनियरास विचारून वहीत काढून घ्या. कारण जे पाहिले नाही त्याचा करार नीट लिहिता येत नाही. इंग्रजी उत्तम करा, तिच्यावाचून या कामात गती नाही. मराठीही सोडू नका, कारण तुमचे वेगळेपण तिच्यात आहे. अशा तयारीनंतर मोठ्या वकिली पेढ्या किंवा कंपन्यांचे कायदा विभाग यांची दारे उघडतात.

मात्र एक गोष्ट समजून पाऊल टाका. कंपनीची पूर्ण वेळ पगारी नोकरी घेतली की बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिली करता येत नाही. तसे कौन्सिलला कळवावे लागते आणि नोकरी असेपर्यंत न्यायालयात उभे राहता येत नाही. अशील व वकील यांच्यातील गुप्ततेचे जे खास संरक्षण साक्ष-कायद्याने वकिलास दिले आहे, तेही कंपनीच्या पगारी कायदा-अधिकाऱ्यास मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले. पगार निश्चित असतो, परंतु त्यासाठी काही सोडावे लागते. आईबापांनी हे दोन्ही पाहूनच मुलास सल्ला द्यावा.

येथवर आम्ही व्यवसायाचे सांगितले. आता मनातले सांगतो.

आपल्या ज्ञातीचा आणि कागदाचा संबंध जुना आहे, आणि तो सुखाचा नाही. खोतीच्या काळात कुळाने कबुलायतीवर अंगठा उठवावयाचा आणि तीत काय लिहिले आहे ते दुसऱ्याने सांगावयाचे. १९३३ साली अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली आपल्या शेतकऱ्यांनी संप पुकारला आणि सहा वर्षे शेते पडीक ठेवून, उपाशी राहून तो चालविला. त्या शेतकऱ्यांच्या पाठीशी बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९७० नंतर नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, तेव्हा आपल्या बाजूने उभे राहिलेले जासईचे दि. बा. पाटील हेही वकीलच होते. १९८४ च्या जानेवारीत पाच बांधवांनी प्राण दिले आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व पदरात पडले. रक्त शेतकऱ्याचे होते, हे विसरता येत नाही. परंतु त्या रक्ताचे मोल कागदावर उतरविण्यास कायदा जाणणारा माणूस लागला, हेही विसरता येत नाही.

म्हणून काही तरुण आम्हांस विचारतात की, ज्या मातीवर आपली भाताची खाचरे आणि मिठागरे होती, तेथे उभ्या राहिलेल्या कंपनीचा वकील होणे म्हणजे आपल्याच माणसांशी बेइमानी नव्हे काय? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमचे उत्तर असे आहे. प्रामाणिक करार लिहिणे ही बेइमानी नव्हे. जेथे गावाच्या वाटेचा, पाण्याचा, जनित्रांच्या आवाजाचा, कंत्राटी पोराच्या पगाराचा निर्णय होतो, त्या टेबलापाशी गावाची स्थिती ठाऊक असलेला एक तरी माणूस असणे हिताचेच आहे. परंतु त्याने तेथे बसून गुपचूप गावाची वकिली करावी, अशी अपेक्षा आपण धरता कामा नये. वकिलाची निष्ठा अशिलाशी असते आणि एकाच वादात दोन्हीकडून उभे राहणे त्याच्या धर्मास वर्ज्य आहे. कंपनीत गेलेल्या मुलाकडे कोणी तिच्या आतल्या कागदांची मागणी करू नये. तसे करणे म्हणजे त्याची सनद आणि आपली अब्रू दोन्ही घालविणे होय.

यावरून पुढची गोष्ट आपोआप निघते. आपल्याला एक वकील पुरणार नाही. एक तिकडे हवा, आणि तोच कायदा, तोच वीजदर, तोच भाडेपट्टा तितकाच जाणणारा दुसरा इकडे, गावाच्या बाजूस हवा. तिकडच्यास पगार कंपनी देईल. इकडच्याचे पहिली काही वर्षे कोण पाहणार? येथे ज्ञातीची परीक्षा आहे.

यास्तव कार्यकारी मंडळापुढे आमच्या तीन सूचना आहेत. आजवर आपल्या शिष्यवृत्त्यांचा ओघ वैद्यकी व इंजिनियरिंगकडे राहिला. त्यांतून दरवर्षी निदान दोन शिष्यवृत्त्या कायद्याच्या विद्यार्थ्यांस, आणि त्यांतील एक मुलीस, द्याव्यात. दुसरी, नवीन सनद घेतलेल्या ज्या वकिलास गावाच्या बाजूचे काम करावयाचे असेल, त्यास तीन वर्षे माफक मासिक साहाय्य द्यावे. तिसरी सूचना बिनखर्चाची आहे. महिन्यातून एका रविवारी समाजमंदिरात दस्तवाचन ठेवावे. कोणी भाडेपट्टा आणावा, कोणी कंत्राटदाराचे नेमणूकपत्र आणावे, कोणी महामंडळाची नोटीस आणावी, आणि विद्यार्थ्यांनी ते मोठ्याने वाचून अर्थ सांगावा. समजला नाही तो शब्द फळ्यावर लिहावा. फळ्यापाशी उभे राहण्याचे काम, प्रकृती ठीक असेतोपर्यंत, आम्ही करू.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी कोणी इंजिनियर व्हा, कोणी डॉक्टर व्हा, आमचा सर्वांस आशीर्वाद आहे. परंतु ज्यास शब्दाचा नाद आहे, हिशेबाचा कंटाळा नाही आणि अन्याय दिसला की ज्याला झोप लागत नाही, त्याने कायद्याकडे अवश्य वळावे. आपल्या पणजोबांनी न वाचता अंगठा दिला, आजोबांनी वाचता येत नव्हते तरी लढा दिला. तुम्हांस वाचता येते. मग दस्त दुसऱ्याने वाचून दाखवावा, याची वाट पाहू नका.